खारातल्या भाताचा पूर्वपक्ष

आमच्या कॉलेजात संस्कृतच्या वर्गाला विद्यार्थी फार थोडे येत, आणि म्हणूनच संशोधनाच्या अनुदानांचे काम माझ्याकडे आले. त्यामागे माझ्या योग्यतेचा काही विचार झाला असेल असे मला वाटत नाही. प्राचार्यांनी एके दिवशी मला खोलीत बोलावले, टपालाने आलेल्या परिपत्रकांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले की शास्त्रीबुवा, तुमच्यापाशी वेळ आहे, तुमचे अक्षर सुवाच्य आहे आणि तुम्हाला राग येत नाही. या कामाला एवढे पुरे.

स्वराज्य येऊन तेव्हा बारा-चौदा वर्षे लोटली होती. आमचा जिल्हा त्या काळी कुलाबा या नावाने ओळखला जाई. किनाऱ्यावरच्या तालुक्याच्या गावी निघालेले ते कॉलेज अजून नवे होते. प्रयोगशाळा म्हणून जी खोली पाहुण्यांना दाखवत, तिच्यात पूर्वी कोणा सावकाराचे भात साठवले जाई, आणि दमट हवेत अजूनही त्या भिंतींना कोंड्याचा वास येई. माझा जन्म श्रीवर्धनचा, पौरोहित्य करणाऱ्या घरातला. घाटावरच्या एका पाठशाळेत न्याय आणि मीमांसा शिकलो. इंग्रजी फार उशिरा, परीक्षेपुरते शिकलो. अशा माणसाने दिल्लीची आणि मुंबईची परिपत्रके वाचावी, कोणत्या प्राध्यापकाच्या विषयाला कोठून द्रव्य मिळू शकेल हे शोधावे आणि त्यांना अर्ज लिहिण्यास साहाय्य करावे, ही योजना ईश्वराची असली तर त्यातला हेतू मला अजून उमगलेला नाही.

इतिहासाच्या प्राध्यापकांना किनाऱ्यावरच्या शिलालेखांचे ठसे घ्यायचे होते. त्यांच्या अर्जाला उत्तरच आले नाही. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना सुक्या मासळीच्या व्यापाराचा अभ्यास करायचा होता. त्यांना कळवण्यात आले की हा विषय एका मोठ्या संस्थेकडे सोपवला गेला आहे. ती संस्था समुद्रापासून पुष्कळ दूर होती. पुढे पुढे प्राध्यापकांच्या खोलीत माझी थट्टा होऊ लागली. इतिहासाचे प्राध्यापक एकदा चहा घेता घेता म्हणाले, “शास्त्रीबुवांचा अर्ज म्हणजे पितरांचा पिंड. आपण श्रद्धेने द्यायचा. पोचला का, हे विचारायचे नाही.” सगळे हसले, मीही हसलो. श्राद्धावर माझी निष्ठा होती, म्हणून ती थट्टा मला बोचली नाही. कावळा केव्हा तरी शिवतोच, असे मी त्यांना म्हणालो.

वनस्पतिशास्त्राचे अधिव्याख्याते माझ्याकडे आले ते या थट्टेनंतर थोड्याच दिवसांनी. तिशीचे, अबोल गृहस्थ. पेणच्या पुढे खाडीलगत जो खारेपाट आहे, तिथल्या शेतकरी घरातले. त्यांच्या घराण्यात कॉलेजाची पायरी चढलेले ते पहिलेच. त्यांनी येताना रुमालात बांधून मूठभर भात आणले होते, ते माझ्या मेजावर सोडले. तूस काळपट, आत तांदूळ लाल. बाजारात कोणी मुद्दाम मागून घेईल असा तो दाणा नव्हता.

त्यांनी जे सांगितले ते थोडक्यात असे. खारातली जमीन ही समुद्राला बांध घालून मिळवलेली. बांधाच्या आत पावसाचे गोडे पाणी साचले तरी मातीतला खारटपणा पुरता जात नाही, आणि अशा मातीत तग धरणारे लाल भात तिथले लोक पिढ्यान्पिढ्या पेरत आले. एका वर्षी उधाणात समुद्राकडचा बांध फुटला. गावाला तो पुन्हा बांधवला नाही. कोणी जमिनी मिठागरांना दिल्या, कोणी वर गोड्या जमिनीत जाऊन सरकारी बी पेरू लागले. त्यांच्या घरचे जे भात होते, ज्याला घरात नुसते ‘आमचा राता’ म्हणत, ते आता दुसऱ्या कोणाकडे उरले नव्हते. वडील दरवर्षी कोणाची तरी एखादी पट्टी मागून घेत आणि बियापुरते पिकवत. आता वडिलांच्याने चिखलात उभे राहवत नव्हते. भाताचे बी आमच्या दमट हवेत फार काळ जिवंत राहत नाही. दरवर्षी पेरले तर राहील, नाही तर गेले.

अधिव्याख्यात्यांची इच्छा एवढीच होती की खाडीकाठी एक लहान तुकडा भाड्याने घ्यावा, त्याला पक्का बांध घालावा, हे बी तिथे दरवर्षी करावे, आणि ते मीठ कसे सोसते याचा अभ्यास करावा. कॉलेज बांधासाठी काही देऊ शकत नव्हते. त्यांचा स्वतःचा पगार दोन घरांत वाटला जात होता. मी परिपत्रकांचा गठ्ठा काढला. एका परिपत्रकात शेतीशी संबंधित वनस्पतींच्या अभ्यासाला साहाय्य देण्याची योजना होती. ती वाचून दाखवली तेव्हा त्यांनी रुमालाची गाठ पुन्हा बांधली आणि मला विचारले, “जे आपल्याला ओळखत नाहीत त्यांना आपले म्हणणे पटवायचे कसे, शास्त्रीबुवा?”

हा प्रश्न मला आयुष्यात कोणीही, केव्हाही विचारला असता तरी माझे उत्तर एकच होते. आमच्या शास्त्रात कोणतेही मत मांडण्यापूर्वी त्याच्या विरुद्ध जे जे बोलता येईल ते प्रथम बोलावे लागते. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. तो दुबळा करून मांडणे हे पाप मानले जाते. प्रतिपक्षी स्वतः येऊन बसला तरी त्याला अधिक काही सुचू नये, इतका तो भक्कम मांडावा. मग एकेक आक्षेप सोडवत सिद्धांताकडे यावे. ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो तो त्यामुळे. माझे गुरुजी म्हणत की ज्याला शत्रूची बाजू नीट सांगता येत नाही त्याला स्वतःचीही ठाऊक नसते. हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांना ते फार आवडले. त्यांच्या विज्ञानातही आधी शंका आणि मग प्रयोग असाच क्रम असतो, असे ते म्हणाले.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही माझ्या ओसरीवर बसून तो अर्ज लिहिला. तसा आनंद मला त्या कामात पूर्वी मिळाला नव्हता आणि नंतरही नाही. सकाळची संध्या, देवपूजा आटोपली की ते येत. आम्ही आक्षेप शोधत असू. या भाताचे उत्पन्न थोडे, सरकारी बी याच्याहून पुष्कळ अधिक देते. ज्या जमिनीसाठी हे बी, ती जमीनच शेतीतून जात आहे. बांध पक्के झाले तर खार सोसणाऱ्या बियाची गरज काय, आणि बांध पक्के झालेच नाहीत तर कोणतेही बी काय करणार. हा शेवटचा आक्षेप सुचला तेव्हा त्यांनी तो माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतला, इतका तो चांगला होता. मग त्यांनी स्वतःहून घातले की अर्जदाराजवळ वरची पदवी नाही आणि कॉलेजात साधने नाहीत. मी म्हटले की हे लिहिण्याची जरुरी नाही. ते म्हणाले की जरुरी आहे, कारण ते खरे आहे. पहिली पाने अशी आक्षेपांनी भरली. त्यानंतरच्या पानांत त्यांनी प्रत्येकाला उत्तर दिले, आणि ती उत्तरे मला आजही निर्दोष वाटतात.

त्या सुट्टीत त्यांचे वडील एकदा आमच्याकडे आले होते. उन्हाने रापलेले, कंबरेत वाकलेले गृहस्थ. ओसरीवर न बसता पायरीवर बसले आणि कितीही आग्रह केला तरी वर आले नाहीत. मुलाने त्यांना अर्जाचा आशय मराठीतून वाचून दाखवला. आक्षेपांचा भाग संपेपर्यंत ते ऐकत राहिले आणि मग मला म्हणाले, “शास्त्रीबुवा, ह्ये आमच्या भाताला नाव ठेवनारा मानूस कोन?”

मी सांगितले की असा माणूस कोणी नाही. जो कोणी पुढे विरुद्ध बोलेल त्याच्या वतीने आम्हीच बोललो आहोत.

“म्हंजे दोनी बाजूंचा वकील तुमीच.”

“असे म्हणा हवे तर.”

“व्हय. पन आमी ऐकलाय, कोर्टात पयला बोलतो त्याचाच सायबाच्या ध्यानात ऱ्हातो. मंग सायबाला भूक लागते.”

मुलगा ओशाळला. मी हसलो आणि त्यांच्या हातावर लाडू ठेवला. कोर्टातला साहेब आणि विद्वानांची समिती यांत अंतर आहे असे काहीतरी मी त्यांना म्हणालो असेन.

उत्तर यायला चैत्र उजाडला. अनुदान नामंजूर झाल्याचे दोन ओळींत कळवले होते. कारण दिलेले नव्हते. मी प्राचार्यांची अनुमती घेतली, रेवसला जाऊन लाँच धरली आणि मुंबईच्या कचेरीत विचारपूस करण्यास गेलो. पेरणीला अजून अवकाश होता. काही दुरुस्ती करता आली तर करावी असे मनात होते. त्या कचेरीतले अधिकारी सौजन्यशील निघाले. त्यांनी मला बसवून घेतले, पाणी दिले, कागद मागवले आणि चाळून पाहिले.

“तुमच्या प्राध्यापकांनी इतक्या प्रांजळपणे लिहिले आहे,” ते म्हणाले, “की समितीला विचार करायचे कारणच उरले नाही.”

मी त्यांना पूर्वपक्ष समजावून सांगू लागलो. त्यांनी मला मध्येच थांबवले, आणि तेही अदबीने.

“मला ठाऊक आहे हो. माझे वडील कथेकरी होते. पण इथे काय होते सांगतो. अर्ज पुष्कळ, वेळ थोडा. पहिले पान वाचतात, त्यावर टिपण होते, ते टिपण समितीपुढे जाते. तुमच्या पहिल्या पानावर काय आहे? बी निकामी, जमीन निकामी, अर्जदार अपात्र. सही अर्जदाराची.”

पुढची पाने वाचावीत अशी मी विनंती केली. त्यांनी ती माझ्यासमोर वाचली. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला आणि शेवटी चष्मा काढून ते म्हणाले की उत्तम लिहिले आहे, पण निर्णय झाला आहे. पुढच्या वर्षी पुन्हा करा. मी म्हणालो की बी थांबणार नाही. त्यावर त्यांनी, जणू मी एखाद्या हट्टी नातवाची तक्रार सांगितली असावी तसे, सांत्वनाच्या सुरात म्हटले, “एक वर्ष तर आहे, शास्त्रीबुवा.”

पूर्वपक्षाची पद्धत चुकीची होती असे मला आजही म्हणवत नाही. जिथे ऐकणारा शेवटपर्यंत बसतो तिथली ती पद्धत आहे. परतताना लाँचच्या टपावर बसून मी हाच विचार करत होतो, आणि धरमतरच्या खाडीच्या तोंडाशी दोन्ही काठांना जे पाणथळ दिसते, त्यात कुठे कुठे जुन्या बांधांच्या रेषा अजून पाण्यावर दिसत होत्या.

त्या वर्षी अधिव्याख्यात्यांनी अनुदानाशिवायच पेरले. वडिलांनी सगळे बी देण्याचे नाकारले. घरचे बी कधी एका वेळी जमिनीला देऊ नये, अर्धे घरात ठेवावे, असा त्यांच्याकडे नियम होता आणि तो त्यांच्या वडिलांपासूनचा होता. पेंढ्यात आवळून बांधलेली अर्धी मुडी त्यांनी चुलीवरच्या फळीवर, धुरात ठेवली. धुरातले बी दोन पावसाळे टिकते अशी त्यांची खात्री होती. उरलेले अर्धे खाडीकाठच्या एका उसन्या पट्टीत पेरले. बांध मुलाने आणि त्याच्या चुलतभावांनी हातांनी घातला. भात वर आले, चांगले वर आले. मी पाहून आलो होतो. श्रावणी अमावास्येच्या उधाणात तो बांध वाहून गेला. हे भात मीठ सोसते, पण समुद्राखाली बुडून राहणे कोणत्याच भाताला सोसत नाही. कॉलेजच्या आवारात त्यांनी थोडी रोपे कुंड्यांतही लावली होती. ती लोंबीवर आली असताना कोणीतरी फाटक उघडे टाकले आणि गुरांनी ती एका दुपारी संपवली. त्याबद्दल त्यांनी कोणाला एक शब्द विचारला नाही.

राहिली ती फळीवरची अर्धी मुडी.

पुढच्या दिवाळीत ते पुन्हा माझ्या ओसरीवर आले. बसण्यापूर्वीच म्हणाले, “या खेपेला पूर्वपक्ष नको, शास्त्रीबुवा.” मी मान्य केले. आम्ही नुसता सिद्धांत लिहिला. हे बी असे आहे, हे बी तसे आहे, याचा देशाला असा उपयोग होईल. लिहिताना मला अस्वस्थ वाटत होते; देवाला आवाहन न करताच नैवेद्य दाखवावा तसे. त्यांना काय वाटत होते ते मी विचारले नाही. त्यांच्या मेहुण्याने मुंबईतल्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांच्यासाठी शब्द टाकला होता, हे मला दुसऱ्याकडून कळले होते. समितीने हो म्हटले तर आपण इथेच राहू, असे त्यांनी घरी सांगितले होते.

होळीच्या सुमारास समितीचा लखोटा आला. त्यांनी मला वर्गातून बोलावून घेतले आणि आम्ही तो उभ्यानेच वाचला. अर्ज नाकारलेला नव्हता. विषय स्वारस्यपूर्ण आहे, असे त्यात होते. मात्र काही बाबींचा खुलासा हवा होता. सरकारी बियाच्या तुलनेत या भाताचे उत्पन्न किती? सदर जमीन शेतीखाली राहील काय? बांध पक्के झाल्यास अशा बियाची आवश्यकता राहते काय? अर्जदाराची शैक्षणिक पात्रता? संस्थेकडील साधने?

आमचा गेल्या वर्षीचा पूर्वपक्ष, जवळजवळ त्याच क्रमाने. फक्त बांध पक्के झालेच नाहीत तर काय, ही आम्हाला सर्वांत आवडलेली आक्षेपाची दुसरी बाजू त्यांना सुचली नव्हती.

त्यांनी कागद माझ्या हातात दिला. मग अगदी शांतपणे म्हणाले, “उत्तरे तर तयारच आहेत.”

आम्ही जुन्या अर्जातली उत्तरे उतरवून काढली आणि त्याच आठवड्यात रवाना केली. त्यानंतर काही आले नाही. मी दोनदा स्मरणपत्र पाठवले. चैत्र गेला, वैशाख गेला. प्राध्यापकांच्या खोलीत त्या दिवसांत कोणी थट्टा करत नव्हते, आणि थट्टा थांबली यावरून मला जे समजायचे ते समजले. तरी मी रोज पूजेच्या वेळी त्या बियासाठी मागणे मागत होतो. देवाजवळ आजवर मी अनुदान मागितले नव्हते, आणि तेव्हाही मागितले नाही. पेरणीपर्यंत ते जिवंत राहावे, एवढेच मागितले.

ज्येष्ठात एका रविवारी त्यांच्या वडिलांनी बोलावणे पाठवले. खारातले भात पेरण्याआधी भिजवतात, पाटीत भरून, पेंढा झाकून, वर दगड ठेवतात. मग ते आतल्या आत ऊब धरते आणि त्याला मोड येतात. मोड आलेलेच चिखलात टाकायचे. मुडी सोडली आहे, पट्टी तयार आहे, शास्त्रीबुवांनी हात लावून द्यावा, असा निरोप होता. मी नारळ आणि अक्षता घेऊन गेलो.

घरात शिरलो तेव्हा मुलगा ओट्यावर बसला होता. त्याने उठून नमस्कार केला आणि पुन्हा बसला. म्हातारे आत पाटीपाशी होते. मला पाहून त्यांनी दगड बाजूला केला, पेंढा उचलला.

“हात घालून बघा.”

मी सोवळे बाजूला ठेवून मनगटापर्यंत हात घातला. मोड येऊ लागलेल्या भाताची ऊब माझ्या परिचयाची होती. लहानपणी यजमानांच्या घरी मी पुष्कळदा असा हात घातलेला आहे, तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळासारखे ते लागते. हे भात विहिरीच्या पाण्यासारखे गार होते. मी हात आणखी खाली नेला. तळाशीही तसेच.

“आनखी एक दीस बगतो,” म्हातारे म्हणाले, “पन न्हाय व्हायचा. कालच व्हायला पायजे व्हता.” त्यांनी पेंढा परत झाकला, दगड मात्र ठेवला नाही. मग माझ्याकडे पाहून, काही रागाने नव्हे, म्हणाले, “तुमचा त्यो पयला वकीलच जिकला म्हना शास्त्रीबुवा.”

नारळ मी देवळीतल्या देवापुढे ठेवला, फोडला नाही. बाहेर अधिव्याख्यात्यांच्या शेजारी थोडा वेळ बसलो. कारखान्याचा विषय मी काढला नाही, त्यांनीच काढला. पावसाळा संपला की जाईन, म्हणाले, आणि कॉलेजला नोकरी सोडण्याची सूचना कशी द्यायची ते मला विचारले. तो अर्जही मीच त्यांना लिहून दिला. त्याला मंजुरी लगेच मिळाली.

समितीकडून कार्तिकात एक पत्र आले की खुलासा पोचला असून विचाराधीन आहे. अधिव्याख्यात्यांची मुंबईची जागा कोणती ते मला ठाऊक होते, पण ते पत्र मी पुढे पाठवले नाही. विचाराधीन ते अजूनही असेल. अनुदानांचे काम मी निवृत्त होईपर्यंत करत राहिलो. परिपत्रके येत, मी ती वाची, कोणी आले तर साहाय्य करी, आणि पहिल्या पानावर काय लिहावे हे सांगे. मिळाले असे सांगण्याजोगे त्यातून काही झाले नाही.

त्या रविवारनंतर आठ-पंधरा दिवसांनी अधिव्याख्यात्यांनी माझ्या घरी एक पिशवी आणून दिली होती. भिजलेले भात वाया जाऊ नये म्हणून त्यांच्या आईने ते भाजून, कांडून त्याचे पोहे केले होते, आणि घरातल्या प्रत्येकाचा वाटा काढताना शास्त्रीबुवांचाही काढला होता. जाड, तांबूस, थोडेसे आंबूस वास येणारे. मी ते दह्यात कालवले, देवाला नैवेद्य दाखवला आणि प्रसाद म्हणून खाल्ले. चवीला फार चांगले होते. त्या भाताचे पोहे मी त्यापूर्वी खाल्ले नव्हते, आणि त्यानंतर कुठे मिळाले नाहीत.